आकारान्त पाहुणी

आंद्रेआच्या ब्लाउजचं माप कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि नूरबी मापाशिवाय कापडाला कात्री लावायला तयार नव्हती.

"इटलीची पोरगी म्हंजी उंचीपुरी असणार," सिंधूबाई म्हणाल्या. "आपल्या नीलमचं माप धर आन् दोन बोटं वाढव."

"दोन बोटं कुठं वाढवू, आक्का? खांद्याला का कमरेला?" नूरबीनं टेप गळ्यात अडकवला. "फोटो तरी दाखवा की तिचा."

पण फोटो नव्हता. नीलमच्या मोबाइलवर आंद्रेआच्या नावापुढं जे चित्र होतं, ते एका म्हशीच्या रेडकाचं होतं. त्यावरून ब्लाउज शिवणं नूरबीलाही जमलं नसतं.

मांडवगण फराट्यातल्या हौसरावांच्या घरी ही धावपळ चालली होती ती शिरूरला नवी बहीण मिळाल्यामुळं. इटलीत मोंतेरावो नावाचं एक गाव होतं. तिकडं नदी, इकडं नदी. तिकडं म्हशी, इकडं म्हशी. एवढ्या भांडवलावर दोन्ही गावांनी कागदावर सह्या केल्या आणि ती एकमेकींच्या बहिणी झाली. या बहिणाबहिणींच्या नात्याचा खरा फायदा कॉलेजच्या मुलांना होता. तिकडच्या विद्यार्थ्यानं दोन महिने इथल्या विद्यार्थ्याच्या घरी राहून शिकायचं, मग इथल्यानं त्याच्या घरी जाऊन. नीलम शिरूरच्या एका कॉलेजात दुग्धशास्त्र शिकत होती. म्हशीच्या दुधाचं मोंतेरावोत जे चीज करतात, ते शिकायला जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं, तेव्हा ती दोन दिवस जमिनीवरून चाललीच नाही.

हौसराव दूध संस्थेचे माजी चेअरमन होते. माजी असले तरी 'चेअरमन' अशी हाक आली की आजी चेअरमन सोपानरावांच्या आधी तेच मागं वळून बघत. मुलीचं कौतुक त्यांना होतंच. पण घरातला शेवटचा शब्द त्यांच्या थोरल्या बहिणीचा, सिंधूबाईंचा असे. सिंधूबाईंनी एकच अट घातली होती. "पोरगी ज्या घरात ऱ्हाणार, त्या घरात तिच्या वयाची पोरगी पायजे. न्हाईतर जायचं न्हाई."

अट ऐकून नीलमचा चेहरा पडला होता. पण आठवड्याभरातच सत्यजीत सरांचा निरोप आला : 'आपल्याकडे कु. आंद्रेआ येत आहे.' सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सत्यजीत सर मराठीचे प्राध्यापक. परदेशी विद्यार्थ्यांचं काम त्यांच्याकडं कसं आलं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण आलेलं काम ते निष्ठेनं करत.

त्यानंतर महिनाभर नीलम आणि आंद्रेआ मोबाइलवर इंग्रजीत गप्पा मारत होत्या. आता इंग्रजीचा एक दुर्गुण असा की तिच्यात 'येतो' आणि 'येते' यांत काही फरकच करत नाहीत. एकदा गच्चीवर उभं राहून नीलमनं व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर पडद्यावर चारपाच तपकिरी चौकोन हलले, 'हॅलो' असं काहीतरी गुळण्या केल्यासारखं ऐकू आलं आणि रेंज गेली.

शेवटी नूरबीनं अंदाजानं, सगळीकडंच दोनदोन बोटं वाढवून ब्लाउज शिवला. नीलमच्या आईनं, सरूबाईंनी, हिरवी साडी आणली. रविवारी संध्याकाळी घरी हळदीकुंकू ठरलं. आणि गावात परदेशी पाहुणी येणार म्हटल्यावर सोपानरावांनी एसटी स्टँडसमोर भलाथोरला फ्लेक्स लावला. 'इटलीची कन्या कु. आंद्रेआ हिचे मांडवगण नगरीत सहर्ष स्वागत.' खाली शुभेच्छुक म्हणून सोपानराव दोन्ही हात जोडून उभे. फ्लेक्सवाल्याला पाहुणीचा फोटो हवा होता, म्हणून हौसरावांचा पुतण्या दत्ता यानं नेटवरची एक गोरी, दात दाखवून हसणारी मुलगी पाठवून दिली होती. ती बहुतेक दातांच्याच जाहिरातीतली असावी.

रविवारी दुपारी दत्ता जीप घेऊन दौंड स्टेशनवर गेला. गाडी आली, गर्दी उतरली, गर्दी गेली. फलाटावर एक कुत्रं, एक चहावाला आणि एक दाढीवाला गोरा उरला. साडेसहा फुटी तो गोरा पाठीवर तंबूएवढी पिशवी घेऊन चारी दिशांना बघून हसत होता.

दत्तानं त्याच्याकडं दुर्लक्ष करून सगळे डबे दोनदा पाहिले. तेवढ्यात तो गोराच जवळ आला आणि त्यानं मोबाइल पुढं धरला. पडद्यावर नीलमचं नाव होतं. दत्तानं घाईघाईनं फोन लावला.

"आप्पा, आंद्रेआ आली."

"आली न्हवं? मग आण की."

"आली म्हंजी... आलाय, आप्पा."

"कोण आलाय?"

"आंद्रेआ आलाय. दाढी हाय त्याला."

पलीकडं कुकरच्या शिट्यांपासून लांब जाणारी पावलं ऐकू आली. मग हौसराव दबक्या आवाजात म्हणाले, "नीट बघितलंस का?"

"आता दाढी आजून कशी नीट बघू, आप्पा?"

हौसरावांनी फोन ठेवला आणि गोठ्यामागं जाऊन सत्यजीत सरांना लावला. सर आधी विश्वास ठेवीनात. मग त्यांनी शोधाशोध केली आणि खोल गेलेल्या आवाजात सांगितलं, की इटलीत आंद्रेआ हे पुरुषाचं नाव असतं.

"मग तुम्ही कुमारी का ल्हिलं?"

"आकारान्त नाव होतं हो, हौसराव! रमा, उमा, सीमा... आंद्रेआ. मी स्त्रीलिंगी धरलं."

"आवो सर, दत्ता बी आकारान्तच हाय की! त्याला काय साडी नेसवू?"

व्याकरणाच्या तासाला इतका अडचणीचा प्रश्न सरांना कुणी विचारला नव्हता.

"आता ह्याला तुम्ही दुसरीकडं ठिवा," हौसराव म्हणाले. "माझ्या घरात कॉलेजातली पोरगी हाय."

"ठेवता येईल. पण मग नीलमची जागाही जाईल. पाहुणा ज्याच्या घरी, परदेश त्याला. केंदूरची अनिता दुसऱ्या नंबरवर आहे. तिचे वडील मला रोज फोन करतात, खोली रंगवूनसुद्धा झाली म्हणे."

हौसरावांनी एकदा गोठ्याच्या फटीतून घराकडं पाहिलं. नीलम अंगणात रांगोळी काढत होती आणि मधेच जीभ बाहेर काढून रेषा सरळ करत होती. त्यांनी दत्ताला परत फोन केला. "स्टँडवरनं येऊ नको. कॅनॉलच्या रस्त्यानं मागल्या दारी आण. आन् कुणाला काय बोलू नको."

दत्तानं तसंच केलं. पण सोपानराव राजकारणातले होते. हौसराव पाहुणीला गुपचूप मागल्या दारी नेऊन पहिला हार स्वतः घालणार, हा संशय त्यांना सकाळपासूनच होता. म्हणून ते चार कार्यकर्ते, एक हार आणि एक हलगीवाला घेऊन कॅनॉलच्याच पुलावर बसले होते. जीप दिसताच हलगी कडाडली. सोपानरावांनी हार सावरला आणि ते आत डोकावले.

"पोरगी कुठाय?"

"मागनं येतीया," दत्ता म्हणाला.

"मागनं म्हंजी? कशानं?"

"दुसऱ्या गाडीनं."

"आन् ह्यो कोण?"

दत्ताला घाम फुटला. "ह्यो? ह्यो... तिचा भाऊ."

सोपानरावांचा चेहरा उजळला. "भाऊ सोडायला आला व्हय! म्हंजी घराणं चांगलं दिसतंय." त्यांनी हार भावाच्या गळ्यात घातला, फोटो काढले आणि जीपच्या पुढं हलगी लावून पाहुण्याला वाजतगाजत हौसरावांच्या पुढल्या दारी आणलं. मागल्या दारी वाट बघणाऱ्या हौसरावांना हलगी ऐकूनच काय झालं ते कळलं.

अंगणात सतरंज्यांवर बाया बसल्या होत्या. नूरबी ब्लाउजची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत होती, कारण ब्लाउज बसतो का नाही यावर तिची सगळी अब्रू होती. दत्तानं जे पुलावर सांगितलं, तेच त्याला इथंही सांगावं लागलं. मग सरूबाईंनी भावाला पाणी दिलं, पाट दिला, चहा दिला. बाया कौतुकानं बघू लागल्या. "बहिणीसाठी इतक्या लांब आला बाई! आमचा भाऊ न्हावऱ्यावरनं येत न्हाई." नीलम मात्र दारात खांबाला टेकून उभी होती. तिनं पाहुण्याकडं एकदा पाहिलं, दत्ताकडं एकदा पाहिलं. आंद्रेआला भाऊ असल्याचं महिनाभराच्या गप्पांत कधीच आलं नव्हतं.

पाहुण्याला इतका मान आयुष्यात कुणी दिला नव्हता. त्याला भरून आलं. तो पाटावरून उठला, दोन्ही हात जोडले, आणि महिनाभर पाठ केलेलं, नीलमनं अक्षर न् अक्षर शिकवलेलं मराठी खर्जातल्या आवाजात म्हणाला :

"नमस्कार. मी आंद्रेआ. मी फार लांबून आले आहे. मी तुमची लेक आहे."

बायांनी आधी त्याच्या दाढीकडं पाहिलं, मग एकमेकींकडं. पहिल्यांदा नूरबी हसली. तिनं पिशवीतून ब्लाउज काढून एकदा त्याच्या खांद्यांकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "आक्का, दोन बोटं न्हाई, दोन वार वाढवायला पायजे व्हतं!" मग सगळं अंगणच फुटलं. बाया एकमेकींच्या पाठीत थापा मारून हसत होत्या. सोपानराव हसत नव्हते. त्यांना फ्लेक्स आठवला होता. आंद्रेआलाही वाटलं आपलं भाषण रंगलं, म्हणून त्यानं ते आणखी एकदा म्हटलं.

हसल्या नाहीत त्या सिंधूबाई. त्या उठल्या, करंडा घेऊन पुढं आल्या, आणि आंद्रेआनं मान खाली केल्यावर त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. "दारात आल्याला पावना हाय. जेवंल, दत्ताच्या खोलीत झोपंल." मग त्या नीलमकडं वळल्या. "पर तुझं जाणं न्हाई. माझी अट काय व्हती?"

"आत्या, मी चीज शिकायला चाललेय. त्याचं तोंड बघायला न्हाई."

"शिकायचं ते शीक. ऱ्हाणार कुठं? ह्याच्या घरात?"

"वर्षभर त्या यादीसाठी मरमर केली मी! सरांच्या एका कुमारीपायी सगळं घालवू?" नीलमनं बापाकडं पाहिलं. हौसराव सतरंजीवरची नक्षी बघत होते.

"आक्काचं बरोबर हाय, पोरी," ते हळूच म्हणाले. "परक्याच्या घरात तुला कशी धाडू?"

हे चाललं असतानाच आंद्रेआचा मोबाइल वाजला. या वेळी नेमकी अंगणात रेंज चांगली होती. पडद्यावर एक म्हातारी आली. पांढरा अंबाडा, काळा झगा आणि नाकावर घसरलेला चष्मा. ती त्याची आजी होती, पिएरिना. नातू नीट पोचला का, जेवला का, कपाळावर ते रक्त कसलं, असं सगळं तिनं एका दमात विचारलं. मग तिनं नीलमला बघायचं म्हटलं. आंद्रेआनं आनंदानं मोबाइल नीलमपुढं धरला.

म्हातारीनं चष्मा वर केला. खाली केला. आणि मग मोबाइलमधून जो आवाज सुरू झाला, तो ऐकून हलगीवालासुद्धा दचकला. आंद्रेआ लालबुंद झाला. तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि नीलमनं ते ऐकून कपाळाला हात लावला.

"काय झालं?" हौसरावांनी विचारलं.

"आप्पा, त्यांना वाटलं मी मुलगा आहे."

"तू? कसं काय?"

"त्यांच्याकडं बाईचं नाव आ वर संपतं. नीलम संपत न्हाई. त्यांच्या ऑफिसातल्या माणसानं मला मुलगा करून टाकलं."

"आन् घरातला आंद्रेआ आ वरच संपतो त्ये?"

"तेच तर आंद्रेआ आजीला सांगतोय. ती म्हणते, घरातली गोष्ट वेगळी." नीलम मोबाइलपासून मागं सरली. "आजी म्हणते, घरात तीन तरणे नातू आहेत. मुलगी ठेवून घेणार न्हाई म्हणजे न्हाई."

हौसरावांच्या मनासारखं झालं होतं. पण त्यांचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी फेटा सारखा केला.

"ठिवून घेनार न्हाई म्हंजी काय?" ते म्हणाले. "का? आमच्या पोरीत काय खोट हाय?"

"आप्पा, खोट न्हाई..."

"मग? आमी त्यांचा दाढीवाला ठिवून घ्यायचा, कुंकू लावायचं, आन् त्यांनी आमच्या पहिल्या नंबरच्या पोरीला न्हाई म्हणायचं? इचार म्हातारीला, आख्ख्या तालुक्यात अशी पोरगी दाखव म्हणावं!"

"आवो, आता तर तुम्हीच न्हाई म्हणत व्हता," सरूबाई म्हणाल्या.

"मी बाप हाय, मी न्हाई म्हणंन. ती कोण?"

सोपानरावांनाही हा गावाचा अपमान वाटला. ते हौसरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोन चेअरमन एका बाजूला झाले. "नीलम गेलीच पायजे," ते म्हणाले. "फ्लेक्स मी लावतो." या दोघांचा आरडाओरडा आंद्रेआ आजीला कसाबसा सांगत होता, आजी त्याच्या वरचढ ओरडत होती. शेवटी सिंधूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी आंद्रेआच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"गप बसा समदे. म्हातारी काय म्हणतीया ती तरी ऐका."

आजी बोलली. आंद्रेआनं इंग्रजीत सांगितलं, नीलमनं मराठीत. परक्याची लेक. उद्या तिला ताप आला, पाय मुरगळला, कुणी वाकडं बोललं, तर मी तिच्या आईबापाला काय तोंड दाखवू? माझ्या नातवांवर माझा विश्वास आहे, पण जगावर नाही.

सिंधूबाईंनी मोबाइल थोडा जवळ धरला. म्हातारीला त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी शहाणं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"ह्येच मी मघाधरनं ह्यांना सांगतीया," त्या म्हणाल्या.

मग दोघींची बोलणी सुरू झाली. आजी कुठं झोपते? खालच्या खोलीत, एकटी. दुसरी खाट मावते का? मावते. मग पोरगी आजीच्या खोलीत झोपेल. आजी म्हणाली, चालेल, पण दिवे लागायच्या आत घरी. सिंधूबाई म्हणाल्या, त्याच्याही आधी. आजी म्हणाली, माझा नातू उन्हं डोक्यावर येईपर्यंत लोळतो. सिंधूबाई म्हणाल्या, इथं पहाटे धार काढायला उठेल. आजी म्हणाली, ताटात टाकतो. सिंधूबाई म्हणाल्या, टाकून बघू दे. इथं आंद्रेआनं भाषांतर करायचं थांबवलं; पण त्याच्या चेहऱ्यावरूनच आजीला सगळं समजलं आणि ती समाधानानं हसली. शेवटी शेवटी तर नीलमही मधे बोलेनाशी झाली. एक मांडवगणच्या मराठीत बोलत होती, दुसरी मोंतेरावोच्या इटालियनमध्ये, आणि दोघी एकमेकींना होकार भरत होत्या.

"ठरलं," सिंधूबाईंनी मोबाइल परत देत सांगितलं. "नीलम जाणार. बाई खमकी हाय."

नीलमनं धावत येऊन आत्याला मिठी मारली. आंद्रेआ मात्र जरा विचारात पडल्यासारखा दिसत होता.

पुढचे दोन महिने त्याला विचार करायला वेळ मिळाला नाही. पहाटे धार, मग नीलम आणि सिंधूबाईंनी सोबत धाडलेल्या दत्ताबरोबर एसटीनं शिरूरचं कॉलेज, संध्याकाळी सिंधूबाईंच्या देखरेखीखाली ताट स्वच्छ. जाताना तो 'आलो', 'गेलो', 'जेवलो' हे नीट शिकून गेला. सत्यजीत सरांनी त्याच्या प्रगतीचा उल्लेख भाषणात केला. लिंगाचा विषय मात्र टाळला.

आणि मग नीलम गेली. पहिल्या आठवड्यात तिचे फोन आनंदाचे होते. म्हशी कशा, चीज कसं ताणतात, वर्गातली मुलं कोणकोणत्या देशांतली. दुसऱ्या आठवड्यात तिचा सूर बदलला.

"आप्पा, वर्गातले सगळे शनिवारी डोंगरावर गेले. आजीनं मला सोडलं न्हाई. दिवे लागले की इथं दाराला आतून कडी. पहाटे कानाशी येऊन उठवते. अर्धी भाकरी... म्हणजे पाव टाकला तर ताट पुढनं हलवत न्हाई. तुम्ही मला आत्यापासनं इतक्या लांब पाठवलंत, आणि इथं आधीच एक आत्या बसलीय!"

"बरं हाय की मग," हौसराव म्हणाले. त्यांना रात्रीची झोप आता छान लागत होती.

तक्रार करायला नीलमनं आत्याला फोन लावला, तर तो दर वेळी गुंतलेला. चौकशी केल्यावर कळलं, की पलीकडं पिएरिना आजी असते. दोघी रोज दुपारी बोलत. मधे दुभाषी नाही, कुणी नाही. काय बोलत, कुणालाच कळत नसे. पण सिंधूबाई मधेच खळखळून हसत आणि मग बराच वेळ 'व्हय बाई, व्हय' करत.

महिना संपताना सत्यजीत सरांना कॉलेजला अहवाल द्यायचा होता. त्यांनी हौसरावांना फोन करून विचारलं, नीलमचं तिकडं एकंदरीत कसं चाललंय. हौसरावांनी ओसरीकडं पाहिलं. सिंधूबाईंनी नुकताच मोबाइल खाली ठेवून पदरानं चष्मा पुसायला घेतला होता.

"आक्का, सर इचारत्यात, पोरगी काय म्हणतीया?"

"पोरीचं इचारायला सवडच कुठं झाली," सिंधूबाई म्हणाल्या. "पर म्हातारीचा गुडघा आता पुष्कळ बरा हाय म्हणावं."